एएमएच ०.८, वय ३७: ३०० चा डोस, मिनी आयव्हीएफ की गोळ्यांवरचा प्रोटोकॉल?

मानेवाडावाली

नमस्कार. मी नागपूरची, मानेवाड्याला राहते, ज्युनियर कॉलेजात शिकवते. बारावीचे पेपर तपासून हात मोकळे झालेत. जे काय करायचं ते उन्हाळ्याच्या सुटीत करून घ्यायचं असं आमचं ठरलंय. ठरलंय ते एवढंच. कसं करायचं ते काही ठरत नाहीये.

वय ३७. लग्नाआधी डाव्या ओव्हरीतली चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसमुळे होणारी गाठ) काढली होती. एएमएच (अंड्यांचा साठा किती उरलाय त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ०.८. पाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत दोन्हीकडचे मिळून कधी पाच फॉलिकल (अंडी वाढतात त्या छोट्या पिशव्या) दिसतात, कधी सहा. मिस्टरांचे रिपोर्ट व्यवस्थित. मागच्या वर्षी एक आयव्हीएफ (टेस्टट्यूब बेबीचा उपचार) झालं. त्यात आदल्या पाळीच्या २१व्या दिवसापासून रोज एक सुई होती, मग पाळी आल्यावर ४५० युनिटचा डोस. हाती आली तीन अंडी, त्यातून एक भ्रूण, आणि बीटा (गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह. पुढे काय म्हणून विचारलं तर "आता डोनर एगचा (दुसऱ्या बाईच्या अंड्यांचा) विचार करा" एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक. तिथे परत जायचं नाही, हे मात्र आम्ही लिफ्टमध्येच ठरवलं.

मग तीन ठिकाणी गेले आणि तीन मतं घेऊन आले. रामदासपेठेतल्या मॅडम म्हणतात, अँटॅगोनिस्ट (अंडी वेळेआधी फुटू नयेत म्हणून देतात ती सुई) करू, ३०० युनिट, दहा-बारा दिवसांत पिकअप, म्हणजे अंडी बाहेर काढणं. धंतोलीतले सर म्हणतात, एवढी औषधं ओतून उपयोग काय, मिनी करू. अंडी वाढवणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या आणि वरून १५० ची थोडी इंजेक्शनं, "अंडी कमी पण चांगली". वर्धा रोडवरचे तिसरे डॉक्टर म्हणतात, अँटॅगोनिस्टच्या महागड्या सुया नकोतच, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांवर करू, भ्रूण सगळे फ्रीझ करू, आणि जमलं तर त्याच महिन्यात दुसरा पिकअपही घेऊ.

तिघंही चांगलं बोलले, वेळ दिला. म्हणूनच जास्त गोंधळ. माझे मिस्टर कोराडीला शिफ्टमध्ये असतात, ते म्हणतात की तिघंही शिकलेले आहेत, आपण टेकडी गणपतीसमोर चिठ्ठ्या टाकू. मोठ्या जाऊबाई म्हणतात, इतक्या सुया घेतल्या की अंडी लवकर संपतात आणि पाळी लवकर जाते. हे खरं आहे का? आणि या तिन्हींत अंड्यांची क्वालिटी कशात चांगली येते? ज्यांनी यातलं काही केलं असेल त्यांनी कृपया सांगावं. "देवावर भरवसा ठेवा" असं लिहू नका, तो आहेच.

चंद्रपूरवाली

ताई, मी मिनी पण केलं आणि अँटॅगोनिस्ट पण केलं, म्हणून लिहून राहिली. माझं एएमएच तुमच्यापेक्षा थोडं कमीच होतं.

मिनी ऐकायला फार गोड वाटतं जी. गोळ्या, दोन-चार सुया, पोट फुगत नाही, खर्च कमी. पण मला त्यात दोनच फॉलिकल वाढले, आणि पिकअपच्या सकाळी सोनोग्राफी केली तर मोठा फुटून गेलेला. दुसऱ्यातून काही निघालं नाही. ते अंडी लॉक करायचं अँटॅगोनिस्टचं इंजेक्शन तेव्हा दिलं नव्हतं, खर्च वाचवायला म्हणून. खर्च वाचला, महिना गेला.

आता हिशेब माझ्या बाजूनं पाहा. मी चंद्रपूरहून येते. पहाटेची गाडी, दर दोन दिवसांनी फॉलिकल स्टडी, नरेंद्रनगरला मावशीकडे मुक्काम, ऑफिसात रजेसाठी रोज नवीन बहाणा. मिनीमध्ये औषध कमी लागतं, पण पिकअप तेवढेच, भूल तेवढीच, ओटीचं बिल तेवढंच, रजा तेवढीच. मग चार अंड्यांसाठी जिथं एकदा भूल घ्यायची तिथं दोनदा घ्यायची, तर स्वस्त काय पडलं? धंतोलीतल्या सरांना एवढंच विचारा, की एका पिकअपचा नाही, हातात दोन-तीन चांगले भ्रूण येईपर्यंतचा खर्च सांगा. त्यावर काय उत्तर येते ते पाहा.

अँटॅगोनिस्टमध्ये माझं पोट दुखलं, चिडचिड फार झाली, पण अंडी मिळाली. भ्रूण फ्रीझ आहेत. पुढचं अजून बाकी आहे, त्यामुळे मी जिंकली असं म्हणत नाही. तुम्ही गावातच राहता, तुमचा हिशेब वेगळा लागू शकते.

पीसीओवाली, वर्धा

माझा प्रश्न तुमच्या अगदी उलटा होता, पीसीओ (ओव्हरीत खूप जास्त फॉलिकल असतात तो त्रास), एएमएच ९ च्या पुढे. मला लाँग प्रोटोकॉल (तुम्हाला मागच्या वर्षी दिला तो) नकोच म्हणाले. अँटॅगोनिस्ट, डोस १५० च्या आत, आणि शेवटचं ट्रिगर (अंडी पिकवायची सुई) एचसीजीचं न देता दुसरं दिलं, सगळं फ्रीझ केलं. कारण अंडी खूप झाली की पोटात पाणी भरतं. माझ्या मावसबहिणीला तसं होऊन आयसीयूत ठेवावं लागलं होतं. म्हणून सांगते ताई, दुसऱ्या कोणाचा प्रोटोकॉल चांगला गेला म्हणून तो मागू नका. मला जो चालला तो तुम्हाला दिला असता तर कदाचित एकच अंडं आलं असतं.

लॅबमधली

मी डॉक्टर नाही, एम्ब्रियॉलॉजिस्ट (लॅबमध्ये भ्रूण वाढवणारी) आहे, इथल्याच एका लॅबमध्ये. कुठल्या ते विचारू नका. औषध सांगायचा मला अधिकार नाही. पण तुम्ही जे तीन पर्याय एका रांगेत उभे केलेत ते एका रांगेतले नाहीत, म्हणून गोंधळ होतोय. तो सोडवायचा प्रयत्न करते. लांबलचक होईल, आज रविवार आहे आणि पिकअप नाहीत.

इथे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. डोस किती द्यायचा, हा एक. आणि वाढवलेली अंडी आपण काढायच्या आत फुटून जाऊ नयेत म्हणून कुठलं कुलूप लावायचं, हा दुसरा. रामदासपेठ आणि धंतोली यांच्यातला वाद मुख्यतः डोसचा आहे. वर्धा रोडवाले बोलतायत ते कुलपाबद्दल.

आधी डोस. दर महिन्याला ओव्हरीत काही फॉलिकल वाढायच्या तयारीत असतात. एरवी त्यातलं एक पुढे निघतं, त्यातून इस्ट्रोजेन वाढतं, ते पाहून पिट्युटरी (मेंदूखालची ग्रंथी) एफएसएच (फॉलिकल वाढवणारं हॉर्मोन) कमी करते, आणि कमी एफएसएचवर मागे राहिलेले तग धरत नाहीत, सुकून जातात. इंजेक्शनाचं काम एवढंच की एफएसएच खाली येऊ द्यायचं नाही, म्हणजे मागचेही वाढतात. तेव्हा जाऊबाईंना सांगा की सुईनं जी अंडी मिळतात ती त्या महिन्यात तशीही गेलीच असती. पुढच्या वर्षांच्या साठ्यातून काही उचललं जात नाही, आणि त्यानं पाळीही लवकर जात नाही. सिस्टच्या ऑपरेशननं मात्र साठा कमी होतो, कारण सिस्टच्या भिंतीबरोबर थोडा चांगला भागही निघून येतो. तुमचं ०.८ तिथून आलेलं असू शकतं.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की सोनोग्राफीत पाच-सहा दिसत असतील तर ४५० युनिट दिल्यानं त्यांचे दहा होत नाहीत. हे माझं मत नाही. २०१७ मध्ये नेदरलँड्समधला ऑप्टिमिस्ट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी फॉलिकल असलेल्या स्त्रियांच्या एका गटाला वाढवलेला डोस दिला, काहींना थेट ४५०, आणि दुसऱ्या गटाला सरळ १५०. जास्त डोसमध्ये सायकल रद्द व्हायचं प्रमाण घटलं, पण दीड वर्षाच्या शेवटी मूल झालेल्यांचं प्रमाण वाढलं नाही. खर्च तेवढा वाढला. युरोपातल्या एश्रे या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत तर कमी प्रतिसाद अपेक्षित असेल त्यांना ३०० च्या वर जाऊच नका असं आहे. १५० पेक्षा जास्त देण्यानं फायदा होतो का, हेही त्यांनी उघडं ठेवलंय. त्यामुळे ४५० परत कोणी सुचवलं तर कारण विचारा. ३०० आणि १५० मधला वाद मात्र प्रामाणिक वाद आहे. तुमचे दोन्ही डॉक्टर त्या रेघेच्या आतच आहेत.

आता कुलूप. इस्ट्रोजेन खूप वाढलं की पिट्युटरीला वाटतं झालं तयार, आणि ती एलएच नावाचं हॉर्मोन सोडते. एलएच सुटलं की अंडी बाहेर पडतात. चंद्रपूरच्या ताईंचं तेच झालं. हे थांबवायच्या तीन रीती. तुम्हाला मागच्या वर्षी दिली ती लाँग: आदल्या पाळीच्या २१व्या दिवसापासून अ‍ॅगोनिस्ट. ते आधी पिट्युटरीला उचकवतं आणि मग दोन आठवड्यांत थकवून गप्प करतं. कुलूप पक्कं बसतं, पण ज्यांचा साठा मुळात कमी त्यांची ओव्हरी कधीकधी त्या दाबाखाली सुस्तावते, मग इंजेक्शनं जास्त दिवस आणि जास्त लागतात. दुसरी रीत अँटॅगोनिस्ट: इंजेक्शनं सुरू झाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी सुरू करायचं, काही तासांत काम करतं, आधीचे दोन आठवडे वाचतात. तिसरी वर्धा रोडवाली, प्रोजेस्टिनच्या गोळ्या. प्रोजेस्टेरॉन चढलेलं असेल तर एलएचची लाट येत नाही, हे शरीराचं जुनंच तत्त्व आहे. ते आयव्हीएफसाठी नीट वापरून दाखवलं शांघायच्या डॉक्टरांनी, २०१५ च्या सुमारास. गोळी स्वस्त, सुई वाचते. अट एकच, त्या गोळ्यांमुळे गर्भाशयाचं अस्तर वेळेच्या पुढे गेलेलं असतं, म्हणून त्या महिन्यात ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) करता येत नाही. भ्रूण फ्रीझ करावेच लागतात, आणि फ्रोझन ट्रान्सफरचा खर्च वेगळा. तो त्यांनी सांगितला का ते पाहा. गोळीच्या स्वस्ताईत तो बरेचदा बोलायचा राहतो.

त्याच महिन्यातला दुसरा पिकअप म्हणजे ड्युओस्टिम. फॉलिकल महिन्यात एकदाच वाढायला निघतात असं पूर्वी धरायचे. २००३ मध्ये कॅनडात रोज सोनोग्राफी करून पाहिलं तेव्हा दिसलं की एका पाळीत दोन-तीन लाटा येतात. म्हणून पहिल्या पिकअपनंतर काही दिवसांत पुन्हा इंजेक्शनं सुरू करतात. दुसऱ्या फेरीतली अंडी लॅबमध्ये पहिल्यासारखीच वागतात, हे मी रोज बघते. तुमच्यासारख्या सुटी संपायच्या आत उरकायचं असलेल्या बाईला ते सोयीचं आहे. अंगाला मात्र सोयीचं नाही, सलग महिनाभर सुया.

क्वालिटीबद्दल शेवटी, कारण तिथेच सगळ्यात जास्त गोड बोललं जातं. "कमी पण चांगली" हे वाक्य माझ्या कानावर रोज येतं. मायक्रोस्कोपखाली मला ते दिसत नाही. अंड्यातल्या गुणसूत्रांची गडबड ठरते वयावर. ३७व्या वर्षी ब्लास्टपर्यंत (पाचव्या-सहाव्या दिवसाच्या अवस्थेपर्यंत) पोचलेल्या भ्रूणांतही बऱ्याच जणांची गुणसूत्रं चुकलेली असतात, मग डोस १५० असो वा ३००. हलक्या डोसमध्ये सुरुवातीची अंडी कमी येतात, त्यामुळे गाळणीतून शेवटी एखादं तरी उरेल याची शक्यताही कमी होते. म्हणून मिनी चुकीचं आहे का? नाही. त्याच मार्गदर्शिकेत कमी साठ्याच्या स्त्रियांसाठी क्लोमिफेनच्या गोळ्यांसोबतची हलकी पद्धत आणि नुसती इंजेक्शनं यांना बरोबरीचं स्थान दिलंय. ज्यांना कितीही दिलं तरी एक-दोनच फॉलिकल वाढतात, त्यांच्या पोटात ३०० रोज टोचण्यात अर्थ नसतो. तुमचे पाच-सहा दिसतायत. तुम्ही मधल्या आहात.

मला खासगीत विचारलं असतं तर म्हटलं असतं की लाँग परत नको, ४५० परत नको, अँटॅगोनिस्ट किंवा गोळ्या यांपैकी जे तुमच्या डॉक्टरांच्या हाताला सरावाचं ते, आणि पैसे वाचतील ते दुसऱ्या पिकअपसाठी ठेवा. आणि तिन्ही ठिकाणी एक प्रश्न सारखा विचारा: तुमच्याकडे माझ्या वयाच्या, माझ्याइतक्या एएमएचच्या बायकांपैकी इंजेक्शन सुरू केलेल्या किती जणींना मूल झालं? ट्रान्सफर झालेल्यांपैकी नव्हे. ट्रान्सफरपर्यंत पोचायच्या आधीच ज्या गळतात त्यांना वगळलं की कुठलाही आकडा सुंदर दिसतो.

जाता जाता. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिली टेस्टट्यूब बेबी झाली ती एकही इंजेक्शन न देता, नैसर्गिक पाळीतल्या एकाच अंड्यातून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी इंजेक्शनं देऊन अंडी वाढवली, भ्रूण गोठवला आणि नंतर सोडला. आज आपण सगळे जे करतो ते जवळजवळ तेच. त्यांच्यावर तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मिनी की इंजेक्शनं हा वाद नवा नाही, एवढंच सांगायचं होतं, पण हा माणूस आठवला की माझं बोलणं लांबतं.

निसर्गोपचार, अमरावती

ताई, एवढं सगळं करण्याआधी तीन महिने एएमएच वाढवायला द्या. डीएचईएच्या गोळ्या येतात, सोबत शतावरी, आणि सकाळी कोमट पाणी. माझ्या ओळखीत एकीचं ०.६ चं १.१ झालं. सुया कशाला लगेच?

लॅबमधली

दादा, ०.६ चं १.१ होणं हे वेगळ्या लॅबमध्ये, वेगळ्या मशीनवर, वेगळ्या महिन्यात तपासलं तरी होऊ शकतं. मुख्य म्हणजे एएमएच हा साठ्याचा अंदाज आहे, तो वाढला तरी अंडी वाढत नाहीत. डीएचईए हे हॉर्मोन आहे, पुरुषी हॉर्मोनकडे जाणारं. एश्रेनं ते सरसकट द्यायला नको म्हटलंय. कोमट पाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ३७ आणि ०.८ असताना तीन महिने थांबायला सांगणं सोपं आहे, ते तीन महिने तुमचे नसतात.

औषधवाला, धंतोली

माझं मेडिकल आहे, रोज हीच औषधं देतो. प्रोटोकॉल डॉक्टर सांगतील, मी बाकीचं सांगतो, कारण मे महिना तोंडावर आहे.

एफएसएचची इंजेक्शनं दोन जातीची येतात. एक लघवीपासून शुद्ध केलेली, पावडरच्या व्हायलमध्ये. दुसरी रिकॉम्बिनंट, पेशींमध्ये तयार केलेली, बरेचदा पेनमध्ये. किमतीत फरक मोठा आहे. महाग आहे म्हणून जास्त गुण येतो असं मला तरी कोणत्या डॉक्टरनं सांगितलं नाही, दोन्हीवर लेकरं झालेली आहेत. पेनमध्ये डोस थोडा थोडा कमीजास्त करता येतो आणि सुई बारीक असते, हा खरा फायदा. बजेट कमी असेल तर मॅडमना मोकळं विचारा की युरिनरी चालेल का. विचारायला लाजणारे लोक पाहिले मी, मग अर्ध्यात पैसे संपतात.

साठवण २ ते ८ डिग्री. काहींच्या खोक्यावर लिहिलेलं असते की २५ डिग्रीच्या खाली काही दिवस बाहेर चालते. नागपुरात मे महिन्यात २५ डिग्री कुठं आहे ते मला दाखवा. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको, बर्फाच्या खणाला चिकटून तर बिलकुल नको. गोठलं की औषध गेलं. नेताना बर्फाच्या पॅकला रुमाल गुंडाळा, औषध थेट बर्फावर नको. लाइट गेली तर फ्रीज उघडू नका, बंद फ्रीज दोन-तीन तास धरून राहते.

आणखी एक. दहा दिवसांचं एकदम उचलू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी सोनोग्राफीनंतर डोस बदलतात. फ्रीजमधलं औषध आम्ही परत घेत नाही. ते तुमच्या घरी कसं राहिलं ते आम्हाला कसं कळणार?

मानेवाडावाली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. लॅबमधल्या ताई, डोस वेगळा आणि कुलूप वेगळं हे इतकं सरळ मला तिघांपैकी कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी त्या खुर्चीत बसून ऐकू शकले नसेन. काल रामदासपेठेत फोन करून तो प्रश्न विचारला, सुरू केलेल्या सायकलमागे किती. मॅडम जरा थांबल्या आणि म्हणाल्या, तुमच्या गटातल्या बायका आमच्याकडे थोड्याच आहेत, टक्केवारी सांगितली तर ती फसवी होईल. या, फाइलींवरून सांगते. मला हे उत्तर आवडलं. धंतोलीत रिसेप्शनवरून "सक्सेस रेट खूप चांगला आहे मॅडम" असं उत्तर आलं. सरांशी बोलणं झालं नाही, त्यामुळे त्यांना दोष देत नाही.

जाऊबाईंनाही तुमचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग माझ्या वेळी कोणी का नाही सांगितलं?" त्यांनाही मूल नाही. हे मला इतक्या वर्षांत नीट लक्षात आलं नव्हतं, की त्या मला घाबरवत नव्हत्या, स्वतःचं बोलत होत्या.

आता दोन प्रश्न उरलेत. एक, मला एंडोमेट्रिओसिस होता, तर फ्रेश ट्रान्सफर बरं की फ्रीझ करून? दुसरा अगदी घरगुती आहे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही आणि फ्रीज त्यांच्या ताब्यात. त्या रोज सकाळी एकेक डबा उघडून बघतात. आणि ट्रिगर रात्री साडेदहा-अकराला असतं म्हणे. मिस्टरांची रात्रपाळी असली तर काय करू?

लॅबमधली

एंडोमेट्रिओसिस असेल तर बरेच डॉक्टर भ्रूण फ्रीझ करतात, मग महिना-दोन महिने तो आजार औषधानं शांत करून ट्रान्सफर करतात. सगळ्यांनाच ते लागतं असं नाही. पण तुम्ही तसंही दोन पिकअपचे भ्रूण जमवायचा विचार करत असाल तर फ्रीझ आपोआप आलंच, आणि मग गोळ्यांच्या प्रोटोकॉलवरचा मुख्य आक्षेपही गळून पडतो. रामदासपेठेतल्या मॅडमना विचारून बघा की अँटॅगोनिस्टऐवजी गोळी चालेल का. एकाच डॉक्टरकडे दुसऱ्याची पद्धत मागता येते. त्यात कोणी रागावत नाही, रागावलं तर तेही कळलेलं बरं. फ्रीझिंग कोण करतं, वितळवल्यावर किती भ्रूण टिकतात, हे मात्र लॅबलाच विचारा. हे सांगायला लॅबवाले कंटाळत नाहीत, आम्हाला कोणी विचारतच नाही.

आणखी एक, २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याखाली क्लिनिकची नोंदणी झालेली असणं सक्तीचं आहे. प्रमाणपत्र भिंतीवर दिसत नसेल तर दाखवा म्हणा. आणि मागच्या ठिकाणी डोनरबद्दल जे ओझरतं बोलले, ते कधी खरंच करायची वेळ आली तर त्यासाठीही कायद्यानं चौकट आहे: देणारी २३ ते ३५ वर्षांची, आयुष्यात एकदाच, आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त अंडी काढायची नाहीत. खुर्चीतून उठता उठता ठरवायची ती गोष्ट नाही. सध्या तरी तुमच्या स्वतःच्या अंड्यांनी नीट बेतलेली सायकल झालेलीच नाही.

चंद्रपूरवाली

सासूबाईंचं माझ्याकडं उत्तर आहे. इन्सुलिनचा जुना डबा असते ना झाकणाचा, त्यात ठेवा आणि थायरॉइडचं औषध आहे म्हणा. मी मावशीकडं तेच केलं. तिनं एकदाच विचारलं, थायरॉइडला फ्रीज लागते का? मी म्हटलं, नवीन निघालंय.

औषधवाला, धंतोली

ताई, ते थायरॉइडचं वाचून हसू आलं, पण चालेल.

ट्रिगरचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. ते दिलं की ३४ ते ३६ तासांनी पिकअप, वेळ त्यावरच बांधलेली असते. तासभर इकडेतिकडे झालं तर ओटीची वेळ हलवावी लागते, आणि विसरलंच तर अंडी पिकत नाहीत. औषध दुपारीच घेऊन ठेवा, रात्री दहाला माझं दुकान शोधत येऊ नका. पोटात द्यायचं असेल तर तुम्हीच घेऊ शकता, क्लिनिकमधल्या सिस्टरकडून एकदा शिकून घ्या. कमरेत द्यायचं असेल तर मानेवाडा रिंगरोडला रात्री चालू असणारं एखादं नर्सिंग होम आधीच विचारून ठेवा, चिठ्ठी सोबत न्या, चिठ्ठीशिवाय ते देत नाहीत. मिस्टरांना त्या रात्रीची पाळी बदलून घेता आली तर उत्तम. दिलेल्या वेळेचा, व्हायलच्या लेबलसकट, मोबाईलवर फोटो काढा आणि लगेच मॅडमच्या सिस्टरला पाठवा. किती वाजता दिलं हे त्या दुसऱ्या दिवशी विचारतातच.